मांजर राहील गं, पण आधी तुझा श्वास

अगं, मन्याला ठेवायचं की कुणाला द्यायचं, हा प्रश्न आज बाजूला ठेव. मला बोलायचंय ते तुझ्या लपवण्याबद्दल. सासूबाई समोर असल्या की तू शिंक दाबतेस. डोळे लाल दिसले की कांदा चिरत होते म्हणतेस. रात्री खोकल्याची उबळ आली की मोरीत जाऊन नळ सोडतेस, म्हणजे कुणाला ऐकू जायला नको. हे का करतेस ते मला पुरतं कळतं. घरात एकदा ‘ॲलर्जी’ म्हटलं की पुढचं वाक्य ‘मग त्याला सोडून या’ हेच येणार, ही धास्ती तुझ्या मनात बसली आहे.

पण माझं ऐक. हा त्रास मला चाळिशीनंतर सुरू झाला आणि आमच्या घरात आजही मांजर आहे, म्हणून हक्काने सांगते. त्रास वेळेवर सांगितला, औषध सुरू केलं, घराची थोडी फेरमांडणी केली, तर बहुतेक जणींना मांजर सोडावं लागत नाही. सहन करत राहिलं आणि नाकातला त्रास छातीत उतरला, की मग निर्णय तुझ्या हातात राहत नाही. घाबरलेलं घर एका दुपारी तो घेऊन मोकळं होतं. तेव्हा मन्याला घरात ठेवायचं असेल, तर पहिलं काम लपवणं सोडण्याचं.

आता तू विचारशील, लहानपणापासून मांजरांत वाढले, एवढ्या वर्षांत काही नाही, मग आत्ताच कसं? हे तुझ्या एकटीच्या बाबतीत घडलेलं नाही. ॲलर्जी कोणत्याही वयात सुरू होते. शरीर आधी एखाद्या पदार्थाची ओळख करून घेतं, त्याच्याविरुद्ध आय-जी-ई नावाच्या अँटीबॉडी तयार करतं, आणि ही तयारी काही महिने, कधी कधी काही वर्षं मुकाट्याने चालू असते. त्या काळात तुला काहीच जाणवत नाही. मग एक वेळ अशी येते की तोच पदार्थ नाकात गेला की या अँटीबॉडी धारण केलेल्या पेशी हिस्टामीन सोडतात, आणि शिंका, पाणी, खाज, सूज सगळं एकदम सुरू होतं. या आय-जी-ईचा शोध किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी नवरा-बायकोने अमेरिकेत काम करताना लावला आणि १९६६ मध्ये तो जगासमोर मांडला. म्हणजे तुझं शरीर नेमकं काय करतंय, याची शास्त्राला चांगली ओळख आहे. तू काही पाप केलेलं नाहीस, मन्यानेही नाही.

आणि दोष त्याच्या केसांचा नाही, हे मनाशी पक्कं कर. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या सांगत आले की मांजराचा केस पोटात गेला की दमा होतो. त्रास होतो हे त्या बायकांनी बरोबर पाहिलं होतं, फक्त कारण वेगळं होतं. मांजराच्या लाळेत आणि कातडीतल्या तेलग्रंथींत एक प्रथिन तयार होतं. शास्त्रज्ञ त्याला ‘फेल डी १’ म्हणतात. मन्या दुपारी गॅलरीतल्या उन्हात बसून अंग चाटतो ना, ते एकदा जवळून बघ. जीभ पाठीवरून फिरते, केस ओले होतात, मिनिटभरात वाळतात. त्या वाळलेल्या लाळेचे आणि कोंड्याचे अतिशय बारीक कण हवेत उडतात आणि तासन् तास तरंगत राहतात. ते चिकटही फार. सांडलेली हळद पुसली तरी कुठे ना कुठे डाग दाखवतेच, तसे हे कण पडद्यांत, सोफ्यात, अंगावरच्या कपड्यांत घर करून बसतात. कपड्यांबरोबर ते जिथे कधी मांजर नव्हतं अशा शाळांत आणि घरांतही पोचतात.

यातून एक गोष्ट लक्षात घे. ‘आठ दिवस त्याला मावशीकडे ठेवू, बरं वाटतं का पाहू’ असं कुणीतरी सुचवेलच. त्या प्रयोगाला काही अर्थ नाही. मांजर घरातून गेल्यावर हे कण पुरेसे कमी व्हायला साधारण चार ते सहा महिने लागतात. आठ दिवसांत तुला फरक पडणार नाही, आणि बिचारा मन्या मात्र उपाशी राहून कपाटामागे बसेल. त्यापेक्षा तू स्वतः मांजर नसलेल्या घरी काही दिवस राहून ये आणि तिथे कसं वाटतं ते वहीत टिपून ठेव. परत आल्यावर पहिल्या रात्री काय होतं, तेही लिही. डॉक्टरांना याचा खरा उपयोग होतो.

कारण मुळात दोषी मन्याच आहे, हे अजून ठरलेलं नाही. शिंका काय, कशानेही येतात. आपल्या दमट हवेत गाद्या-उशांमधले धुळीचे सूक्ष्म कीटक हे तर ॲलर्जीचं मोठं कारण. पावसाळ्यात भिंतीला ओल आली की बुरशी. झुरळं. खिडकीत बसणारी कबुतरं, आणि त्यांची विष्ठा तर काही जणांच्या फुप्फुसांनाच इजा करते. पुण्याकडे गेलीस की रस्त्याच्या कडेला गाजर गवत. तुझ्या घरात याशिवाय संध्याकाळची उदबत्ती आहे, डासांची कॉइल आहे, आणि मन्याच्या शी-शूच्या ट्रेमधली धूळ उडवणारी मातीही आहे. मांजराची ॲलर्जी आहे म्हणून त्याला घराबाहेर काढलं आणि त्रास गादीतल्या किड्यांचा निघाला, असं व्हायला नको.

म्हणून ॲलर्जीचे किंवा नाक-कान-घशाचे चांगले डॉक्टर गाठ. ते बहुधा त्वचेवरची टोचणी चाचणी सुचवतील. घाबरण्यासारखं त्यात काही नाही. हाताच्या आतल्या बाजूला पेनाने खुणा करतात, प्रत्येक खुणेजवळ एकेका अर्काचा थेंब ठेवतात आणि त्यातून कातडीला अगदी वरवर टोचतात. रक्त येत नाही. मग पंधरा-वीस मिनिटं हात तसाच धरून बसायचं. ज्याची ॲलर्जी असेल, तिथे डास चावल्यासारखी गांधी उठते आणि खाज सुटते. ती गांधी तुलनेसाठी ठेवलेल्या, ॲलर्जीचा अर्क नसलेल्या सलाइनच्या थेंबाच्या जागेपेक्षा निदान तीन मिलिमीटर मोठी असेल तर चाचणी होकारार्थी धरतात. मात्र चाचणीआधी काही दिवस ॲलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर खरं उत्तर मिळत नाही. किती दिवस ते आधीच फोन करून विचार. कातडीला काही आजार असेल किंवा गोळ्या थांबवणं शक्य नसेल, तर रक्तातूनही तपासणी होते.

फक्त, शंभर-दोनशे पदार्थांची यादी तपासणाऱ्या महागड्या पॅकेजच्या नादी लागू नकोस. कागदावर होकार आला आणि तुला त्या गोष्टीने कधी त्रासच झाला नसेल, तर ती ॲलर्जी नव्हे. तुझी वही आणि चाचणी, दोन्हींचा मेळ बसला तर खरं. नाहीतर शेंगदाणे सोड, वांगं सोड, दही सोड, असं करत बाई उपाशी राहते आणि शिंका चालूच.

औषधांचं बोलू. कारण इथे मी तुला ओळखते. गोळी घेतली की दिवसभर पेंग येते म्हणून तू ती टाळतेस. ती पेंग येते जुन्या प्रकारच्या गोळ्यांनी, सर्दीच्या अनेक गोळ्यांत तसंच औषध असतं. फेक्सोफेनाडीन, लोराटाडीन यांसारख्या नव्या गोळ्यांनी झोप फारशी येत नाही. शिंका, खाज, वाहणारं नाक यांवर त्या चांगल्या. पण नाक चोंदलेलं असेल, तर खरं काम करतो तो नाकात मारायचा स्टिरॉइडचा फवारा. ‘स्टिरॉइड’ म्हटलं की दचकू नकोस. त्याचा डोस अगदी थोडा असतो आणि तो नाकातच काम करतो.

या फवाऱ्याने गुण येत नाही असं म्हणणाऱ्या अनेकजणी तो चुकीचा मारत असतात, म्हणून नीट लक्ष दे. आधी नाक शिंकरून मोकळं कर. मान मागे टाकू नकोस, किंचित पुढे झुकव. डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने आणि उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने मार, म्हणजे नळीचं तोंड आपोआप कानाच्या दिशेने जातं. मधल्या पडद्यावर फवारा बसला तर तिथे कोरडं पडून रक्त येतं. आणि फवारा मारताना जोरात ओढू नकोस. हळूच श्वास घे, औषध घशात न उतरता नाकातच राहायला हवं. रोज मारायचा, त्रास असो वा नसो. पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे लागतात. तीन दिवसांत सोडून दिलास तर औषधाचा दोष नाही.

चोंदलेलं नाक क्षणात मोकळं करणारे जे थेंब मिळतात, ते मात्र तीन-चार दिवसांच्या वर नकोत. त्यांची सवय लागते आणि नाक पहिल्यापेक्षा जास्त चोंदतं. मिठाच्या पाण्याने नाक धुणं चांगलं, आपल्या जलनेतीसारखं, पण पाणी उकळून गार केलेलंच हवं. नळाचं पाणी थेट नाकात घालायचं नाही. आणि शेजारणीला दिलेली ‘मॉन्टेलुकास्ट’ असलेली गोळी तू परस्पर घेऊ नकोस. आपल्याकडे ती सर्रास लिहून देतात, पण तिने काही जणांची झोप उडते, भयानक स्वप्नं पडतात, मन खचतं. २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने याबद्दल सर्वांत कडक इशारा दिला. डॉक्टरांनी विचार करून दिली तर घे, आणि मनात काही वेगळं जाणवलं तर त्याच दिवशी त्यांना सांग.

लसींचा उपायही आहे. ज्याची ॲलर्जी, त्याचाच अर्क अगदी थोड्या प्रमाणापासून वाढवत देतात, आणि शरीराला त्याची सवय करतात. हे तीन ते पाच वर्षांचं काम. इंजेक्शन दवाखान्यातच घ्यायचं आणि नंतर निदान अर्धा तास तिथेच थांबायचं, कारण क्वचित मोठी रिॲक्शन येते. दमा आटोक्यात नसेल तर ही लस देत नाहीत. घेण्याआधी विचार, मांजराचा अर्क प्रमाणित आहे का, आणि माझ्या बाबतीत कितपत फायदा अपेक्षित आहे. हे विचारायला लाजायचं नाही.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. नाकाचा त्रास हा त्रास आहे, छातीचा त्रास हा धोका आहे. रात्री किंवा पहाटे खोकल्याने जाग येत असेल, श्वास सोडताना घरघर किंवा शिट्टी ऐकू येत असेल, जिना चढताना पूर्वी लागत नसलेली धाप लागत असेल, छाती आवळल्यासारखी वाटत असेल, तर थांबायचं नाही. तुझा तो मोरीतला खोकला माझ्या मनातून जात नाही, म्हणून इतकं सांगतेय. डॉक्टर फुंकून करायची श्वासाची तपासणी करतील, आणि दमा निघाला तर पंप देतील. पंपाची सवय लागते, मुलीला पंप लागला की लोक काय म्हणतील, हे सगळं कानाआड कर. पंपातलं औषध थेट फुप्फुसात जातं, म्हणून ते थोडंसं पुरतं. दमा खरा बिघडतो तो पंप टाळल्याने. आणि बोलताना वाक्य पुरं होईना, ओठ निळसर दिसू लागले, पंप घेऊनही उतार पडेना, तर १०८ ला फोन करायचा आणि रुग्णालय गाठायचं. त्या वेळी सकाळची वाट बघायची नाही.

घराची मांडणी सांगते. तुझं घर दोन खोल्यांचं, सगळं घर मांजरमुक्त ठेवणं शक्य नाही. पण एक खोली शक्य आहे, ती म्हणजे झोपायची. रात्रीचे सात-आठ तास स्वच्छ हवा मिळाली तर नाकाला विसावा मिळतो. मन्याला तिथे यायला पूर्ण बंदी. ‘दिवसा चालेल, रात्री नको’ असं नाही, कारण कण उशीवर राहतात. पहिल्या काही रात्री तो दार ओरबाडेल, रडेल. तुझ्या जिवाला ते लागेल. झोपायच्या आधी त्याच्याशी दोरी-चेंडूचा भरपूर खेळ होऊ दे, मग पोटभर जेवण, आणि बाहेरच्या खोलीत खिडकीजवळ त्याचं अंथरूण. खेळून, खाऊन, अंग चाटून मांजर झोपतं, हा त्याचा स्वभावच आहे. मात्र एकदाही दार उघडलंस तर रडलं की दार उघडतं, हे तो शिकेल.

आजीच्या हातची गोधडी, जिच्यावर तो झोपतो आणि जी तूही पांघरतेस, तिचं काय करायचं ते तुलाच ठरवावं लागेल. ती दर आठवड्याला धुणं शक्य नाही. एक तर ती धुऊन, कडक उन्हात वाळवून तुझ्यासाठी कपाटात जपून ठेव, नाहीतर कायमची त्याला दे. दोघांना एकच नको. चादरी आणि अभ्रे दर आठवड्याला गरम पाण्यात धू, साठ अंश असलं तर गादीतले किडेही मरतात. जाड पडदे आणि गालिचा काढून टाक. कोरडा केर काढलास की खाली बसलेलं सगळं पुन्हा हवेत उडतं, म्हणून ओल्या फडक्याने पूस. पंख्याची पाती आणि एसीची जाळी विसरू नकोस. हवा शुद्ध करणारं हेपा फिल्टरचं यंत्र परवडत असेल तर झोपायच्या खोलीत लाव. पण सोफ्यात रुतलेलं त्याने निघत नाही, तेव्हा यंत्र आणलं म्हणून पुसणं थांबवायचं नाही.

मन्याला विंचरणं, ट्रे साफ करणं, ही कामं नवऱ्याकडे दे, तीही शक्यतो गॅलरीत. तुला करावी लागलीच तर मास्क लाव. त्याला हात लावल्यावर हात धू, आणि धुण्याआधी डोळ्यांना बोट लावू नकोस. मन्याचं नसबंदीचं ऑपरेशन राहिलं असेल तर करून घे, ते न केलेल्या बोक्यात ते प्रथिन जास्त तयार होतं. दर आठवड्याला अंघोळ घालून त्याला छळू नकोस, त्याचा परिणाम दोन-चार दिवसांत ओसरतो. बिनकेसांच्या किंवा ‘ॲलर्जी न करणाऱ्या’ मांजराच्या जाहिरातीवर पैसे घालवू नकोस. प्रथिन लाळेत आणि कातडीत आहे, ते त्यांच्यातही असतं. अंड्यातून मिळवलेल्या अँटीबॉडी घातलेलं एक खाद्य मात्र निघालं आहे. ते खाणाऱ्या मांजरांच्या केसांवरचं सक्रिय प्रथिन तिसऱ्या आठवड्यापासून सरासरी ४७ टक्के कमी झाल्याचं ते बनवणाऱ्या कंपनीच्याच अभ्यासात दिसलं. इथे मिळतं का, ते तुझ्या पशुवैद्यांना विचार. जोडीला चालेल, पण औषधाची जागा ते घेणार नाही.

आणि आता घरच्यांशी बोलणं. सासूबाईंना विरोधक समजून बोलायला बसू नकोस. त्यांना तुझी काळजी आहे, म्हणूनच त्या मांजराकडे बोट दाखवतात. रिकाम्या हाताने जाऊ नकोस. चाचणीचा कागद, औषधांची चिठ्ठी आणि ‘तीन महिने हे असं करून बघू, मग डॉक्टर म्हणतील तसं’ एवढं ठरवून जा. ‘मला त्रास आहे आणि मी त्याचं हे करतेय’ असं सांगणाऱ्या सुनेचं म्हणणं घर ऐकतं. शिंका लपवणारीचं कुणी ऐकत नाही, कारण तिने सांगितलेलंच नसतं.

एक शेवटचं, आणि तेही आजच बोलून ठेवते. सगळं मनापासून करूनही दमा आटोक्यात आला नाही, आणि डॉक्टरांनी मांजर घरात नको असं स्पष्ट सांगितलं, तर मन्याला दुसरं चांगलं घर शोधावं लागेल. तेव्हा स्वतःला बोल लावू नकोस. त्याची लस, ऑपरेशन, खाण्याच्या सवयी सगळं लिहून दे, ओळखीच्या, मांजराची सवय असलेल्या घरी दे, आणि सुरुवातीला व्हिडिओ कॉल करून बघत राहा. पण पोत्यात घालून मासळी बाजारात सोडून येणं, हे कुणी कितीही सहज सुचवलं तरी होऊ द्यायचं नाही. घरात वाढलेलं मांजर तिथे टिकत नाही. आणि १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणे जनावराला उपासमारीच्या तोंडी सोडून देणं हा गुन्हाही आहे. हे घरात आधीच ठणकावून सांगून ठेव.

तर आता उद्या सकाळी दोन कामं. नवऱ्याला रात्रीच्या खोकल्याचं सांगायचं, खरंखरं, नळ सोडायचा नाही. आणि डॉक्टरांची वेळ घ्यायची. एकटीने जायला नको वाटत असेल तर मला कळव. मी येते तुझ्याबरोबर, आणि ती पंधरा-वीस मिनिटं हात धरून बसायला सोबतही होईल.

तुझी ताई